लिटरला चौदा

जीपचं जुनं इंजिन खाली उतरवलं तेव्हा चिमी दोन महिन्यांची होती. नवं इंजिन धड चालू लागलं तेव्हा ती रांगायला लागली होती. मधल्या काळात माझ्या आईने नातीला पाहिलं ते फक्त फोनच्या पडद्यावर. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं, तिला येणं शक्य नव्हतं. मी जायचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "थोडं थांब ना. इंजिन बसलं की आपल्याच गाडीने जाऊ. एवढ्याशा जिवाला बसच्या गर्दीत कशाला?" बस म्हटलं की मला खोकणारी माणसंच दिसायची. म्हणून मी थांबले. निम्मा दोष माझाही आहे.

जीप सासऱ्यांची. जुनी, दणकट, कुठल्याही चढावर चढणारी, आणि पेट्रोल ढोसणारी. लिटरला जेमतेम सात. नवऱ्याने आणि त्याच्या मिस्त्रीने ठरवलं की तिच्यात एका छोट्या मालवाहू गाडीचं डिझेल इंजिन बसवायचं. "आठवड्याचं काम, वहिनी," मिस्त्री म्हणाला होता. इंजिन आलं ते जुन्या गिअरबॉक्सशी जुळेना. मग त्याच गाडीचा गिअरबॉक्स आला. तो बसला तर चाकं फिरवणारा शाफ्ट आखूड पडला. शाफ्ट झाला तर पंखा रेडिएटरला घासायला लागला. आमच्या ओट्यावर चिमीच्या बाटल्या उकळायच्या पातेल्याशेजारी धुतलेले बोल्ट वाळत पडलेले असायचे. मी दिवसातून दहा वेळा तिच्या मुठी उघडून बघायचे.

मग सुरू झालं अ‍ॅव्हरेज काढणं. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहून घ्यायचं, भटकून यायचं, पुन्हा भरायची आणि भागाकार करायचा. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तेव्हा नवरा बूट न काढताच घरात शिरला. "चौदा! लिटरला चौदा!"

"माझ्या हयातीत या गाडीने चौदा दिलं नाही," सासरे म्हणाले.

"बाबा, तुमच्या हयातीतच दिलंय."

त्या आनंदाच्या भरात त्याने एक टाकी काढून टाकली. पुढच्या दोन सीटखाली दोन टाक्या होत्या, त्यातली बावीस लिटरची एकच ठेवली. "चौदा गुणिले बावीस, तीनशे आठ. शेवटच्या पंपापासून तुझ्या आईचं घर दोनशे तीस. पोचून वर उरतंय."

त्या पंपानंतरचा रस्ता ओसाड. पुढचा पंप थेट आईच्या घराजवळ. मी म्हटलं, एक जास्तीचा कॅन घेऊ. मग माझं मलाच वाटलं, बंद गाडीत लेकरापाशी डिझेलचा कॅन? म्हटलं, नको.

"घे म्हणतेस, नको म्हणतेस. अगं, तीनशे आठ!"

शेवटी एका सकाळी निघालो. मी मागे, चिमीच्या खुर्चीशेजारी. तिचा पट्टा तपासायचा, मान तपासायची, आणि मधूनच नवऱ्याच्या खांद्यावरून पुढे बघायचं. वेगाचा काटा सत्तरवर होता. तेवढ्यात स्कूटरवरून एक आजोबा आले, पायांपाशी पोतं, आणि आम्हाला मागे टाकून निवांत निघून गेले.

"बापरे, आजोबा ऐंशीने चाललेत," नवरा कौतुकाने म्हणाला.

मी मीटरचे आकडे पाहिले आणि रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहिला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. दहा दगड गेले, मीटर पंधराने पुढे गेलं होतं. पुन्हा दहा मोजले. पुन्हा पंधरा.

पंधरातले पाच खोटे, म्हणजे चौदातलाही तिसरा हिस्सा खोटा. खरं अ‍ॅव्हरेज नऊच्या थोडं वर. बावीस लिटरमध्ये दोनशे पाच. आईच्या घराच्या पंचवीस किलोमीटर अलीकडे, भर उन्हात, सात महिन्यांच्या पोरीसकट आम्ही उभे. बोलावं, तर आजचं जाणं गेलं. आणि न बोलावं? एका दगडापुरता तो विचारही मी केला. आई अंथरुणात उठून बसली असणार, केस विंचरून.

त्या शेवटच्या पंपावर टाकी भरून झाली तेव्हा सांगितलं.

"दगड चुकीचे लावतात गं ते," नवरा म्हणाला.

"वीसच्या वीस?"

"बरं, एखादा..."

"आणि आजोबा?"

मग त्याने मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर. "मिस्त्री, मीटरची केबल कुठे जोडलीस?"

"गिअरबॉक्सलाच. आणखी कुठे जोडणार?"

"पण गिअरबॉक्स तर त्या छोट्या गाडीचा."

"हो, आणि मीटर तुमच्या जीपचं. मेळ कसा बसेल? थोडं जास्तच दाखवणार ते."

"अरे, मग तेव्हाच बोलायचं ना!"

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "तुम्ही इतके खूश होता."

पाच महिने, एक इंजिन, एक गिअरबॉक्स, एक शाफ्ट, आणि कमाई काय, तर लिटरमागे दोन किलोमीटर. मला ओरडायचं होतं, पण चिमी नुकती झोपली होती.

"कॅन देऊ का?" पंपावरच्या माणसाने विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चिमीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"ठीक आहे, आज परत फिरू," तो म्हणाला. "रविवारी दुसरी टाकी बसवतो. एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं काम! मी चिमीचा पट्टा सोडला, तिला खांद्यावर घेतलं, दुधाची पिशवी उचलली. रस्त्यापलीकडे आईच्या गावाची बस येऊन थांबत होती.

"अगं, कुठे?"

"आईकडे."

"आणि गाडी?"

"राहू दे इथेच. कुणी चोरलीच तर दोनशे पाच दगड मोजत जा, सापडेल."

मी पायरी चढले तेव्हा मागून धावत्या पावलांचा आवाज आला. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात चिमीची दुपटी, धापा टाकत तो आत शिरला आणि तिकिटं काढून शेजारी बसला. पुढच्या बाकावर एक बाई खोकत होती. मी चिमीला खिडकीकडे वळवलं, दुपट्याने तिचं नाक झाकलं, मग गुदमरेल म्हणून काढलं. नंतर आईला फोन लावला.

"निघालो गं. चार वाजेपर्यंत पोचतो. बसने."



"बसने?" आई म्हणाली. "ती तर रोजच असते ना गं?"

"हो," मी म्हटलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.