होडीच्या पुढचा माणूस

अंबाजीनं वल्हं आडवं धरून होडी वळणाआधी थोपवली आणि मान तिरकी करून पुढचं पाणी ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, ऐकल्यासारखं केलं.

"पाणी वसरलंय," तो म्हणाला. "रांजण गप हाय. चला बिनघोर."

मागचं वल्हं धरलेल्या नथूनं, त्याच्या चुलतभावानं, एकदा वळणाकडं पाहिलं आणि वल्हं सरसावलं. पुढच्या माणसाच्या शब्दावर मागच्यानं बोलायचं नाही, हा होडीवरचा रिवाजच होता.

रांजण म्हणजे मळवलीच्या खाली नदी दोन कातळांत शिरून आपटते ती उतरण. तिथवर गाडीवाट नाही, काठाला नुसतं करवंदीचं रान. दर श्रावणात पुण्याच्या गिर्यारोहण मंडळातली माणसं लष्करी लिलावातली ही रबरी होडी घेऊन यायची, आणि यंदाच्या चौसष्ट सालापर्यंत पुढं बसायचा मान अंबाजीचाच. वळणाआडचं पाणी दिसत नाही, ते कानानंच ओळखावं लागतं, आणि अंबाजीचा कान म्हणजे कान, असं पंचक्रोशीत म्हणायचे. होळीपासून मात्र त्याच कानांनी दगा दिला होता. बायको बायडाबाई चुलीपाशी बोलायची ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं की पुढची जागा गेली, आणि ती गेली तर अंबाजीत उरलं काय?

वल्हं उचलता उचलता त्यानं सहज मागं पाहिलं. पुण्याच्या शाळेत शिकवणाऱ्या लीलाबाई मंडळाच्या आठल्ये साहेबांना काहीतरी विचारत होत्या. दोघं हातभर अंतरावर बसलेले, तरी बाई दोन्ही हात तोंडाशी धरून, मानेच्या शिरा ताणून बोलत होत्या. साहेबही ओरडूनच उत्तर देत होते.

अंबाजीनं वल्हं पुन्हा आडवं घातलं. एवढ्या जवळच्या माणसाला ओरडून बोलावं लागतंय, म्हणजे रांजण गप नाही. गप आहे तो फक्त आपल्यापुरता. अरे देवा, ह्या माणसांना कुठं घेऊन निघालो होतो मी!

"काठाला घे!" तो नथूवर खेकसला. "समदी उतरा. हितं आसरांना भाकर ठिवायची हाय."

"सकाळीच ठेवली ना, अंबाजीभाऊ?" लीलाबाईंनी पुढं वाकून मोठ्यानं विचारलं.

"ती वरल्या आसरांना. ह्या खालच्या. लय तापट हायेत."

बोलताना त्याची जीभ अडखळली. पाण्यातल्या देवींच्या नावानं तो जन्मात खोटं बोलला नव्हता. बाई हसल्या, साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण उतरले बिचारे. खडकावर भाकरीचा तुकडा ठेवून अंबाजीनं हात जोडले, ते मात्र अगदी मनापासून.

तोवर साहेब काठाकाठानं वळणापुढं जाऊन आले, ते धावतच. चेहरा पांढराफटक पडलेला.

रांजणाच्या तोंडाशी उंबराचं अख्खं झाड आडवं अडकलं होतं. होडी तशीच गेली असती तर तिच्या चिंध्या झाल्या असत्या, आणि माणसांचं तर बोलायलाच नको.

साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या कानाशी येऊन ओरडले, "काय कान आहे हो तुमचा! आधी 'चला' म्हणालात, पण ऐनवेळी झाडावरून उसळणाऱ्या पाण्याचा आवाज बरोबर ओळखलात! आणि आम्ही घाबरू नये म्हणून देवीचं सांगितलंत. पुढच्या वर्षी मुंबईची मंडळी आणतो. बायकामुलंसुद्धा. तुमच्या कानाच्या भरवशावर!"

नथू मान खाली घालून होडीतलं पाणी उपसू लागला. अंबाजीला हसूही आलं आणि रडूही. नुसतं 'व्हय' म्हटलं की झालं. जागा राहत होती, वर मान वाढत होता. कोण विचारायला येणार होतं?

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "म्या काय बी ऐकलं न्हाई. बाई वरडत व्हत्या, ते दिसलं मला. ऐकू येईना झालंय. होळीपासनं."

साहेबांचे ओठ हलले. मग बाईंचे. त्याच्यापर्यंत शब्द एकही पोचला नाही. नथूनं जवळ येऊन त्याच्या कानाला तोंड लावलं.

"इचारत्यात, आता फुडं कोन बसनार?"

अंबाजीनं पुढचं वल्हं त्याच्या हातात दिलं. नथू ते घेईना.

"मला खडक कुटं ठाव हायेत? म्या जलमभर तुजी पाठच बगितली!"

"खडक मला ठाव हायेत. तू निस्तं ऐक. पानी गरजलं की हात वर कर."

चौघांनी होडी खांद्यावर घेऊन काठाकाठानं झाड आणि रांजण ओलांडून पलीकडं नेली. मागचं वल्हं साहेबांनी घेतलं. नथू पुढं बसला, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा अवघडून. त्याच्यामागं अंबाजी. समोर नदी दिसायची तिथं आता नथूची रुंद पाठ होती, आणि ती बघताना त्याला डोळे पुसावे लागले.

पुढचं वळण आलं. नथूचा हात वर गेला.

अंबाजीनं त्याच्या खांद्यावरून वाकून पाणी पाहिलं आणि डाव्या खांद्यावर थाप मारली. नथूनं होडी डावीकडं घेतली.