कुंपणापलीकडचं हरीण

घटस्फोटात बायको गेली, ते नॉर्बर्ट झास्ट्रोने फारसं मनाला लावून घेतलं नाही. दोघांचं पटतच नव्हतं. पण तिच्यापाठोपाठ मेहुणाही गेला, आणि ते मात्र जिव्हारी लागलं. हा मेहुणा, क्लीट, आणि तो तरुणपणापासून दर ऑक्टोबरात एकाच रानात धनुष्य घेऊन बसत. दावा सुरू झाल्यावर नॉर्बर्टने परस्पर ठरवून टाकलं, की भाऊ शेवटी बहिणीचाच असणार. त्याने फोन केला नाही, धनुष्य गोठ्याच्या माळ्यावर टांगलं आणि वर्षांमागून वर्षं गेली. क्लीटचं घर ओढ्यापलीकडे दिसत होतं, तरी.

यंदा चीजच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला आणि घर खायला उठलं. तेव्हा त्याने धनुष्य खाली काढलं. एकट्याने हरीण मारायचं, एकट्याने ओढत आणायचं. आपलं कोणावाचून अडत नाही हे एकदा स्वतःला दाखवून द्यायचं, एवढीच जिद्द होती.

गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मालकीण ट्रूडीने धनुष्य उलटसुलट करून पाहिलं. वरच्या पात्याला गेलेल्या चिरेवरून तिने नख फिरवलं.

"घरी ताणून बघितलंस की काय हे?"

"दोनदा."

"मग तुझे डोळे जागेवर आहेत हे नशीब समज. भिंतीवर लाव आता, शोभेल."

तिने दिलेलं नवं धनुष्य आखूड होतं आणि खेळण्यासारखं हलकं. त्याची दोरी बोटांनी सोडायची नव्हती, मनगटाला बांधलेला चाप दाबायचा होता. नॉर्बर्टने तो असा काही खेचला, की बाण निशाणाच्या फळीच्या कोपऱ्यात जाऊन रुतला.

"घाई नडते तुला," ट्रूडी म्हणाली. "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

तिने मचाणावर बांधायचा पट्टा त्याच्यापुढे टाकला. "मग हा घे. पडलास तर निदान लटकून राहशील, कोणाला तरी दिसशील."

त्याने महिनाभर अंगणात बाण मारले. हात बसला. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मचाणाखालून शिंगांचं हरीण आलं. त्याने दोरी ताणली, आणि इतक्या वर्षांनी छातीत तीच जुनी धडधड झाली. पण ऐन वेळी हरणाने पाऊल पुढे टाकलं आणि बाण काळजाच्या मागे, पोटाकडे लागला. पाठ वाकवून हरीण झाडोऱ्यात शिरलं.

अशा वेळी काय करायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दुपार टळेपर्यंत जागचं हलायचं नाही. जखमी हरीण जवळच कुठेतरी आडवं होतं आणि तिथेच मरतं. आधी गेलात तर उठून पळतं. पूर्वी हा वेळ क्लीटच्या बडबडीत जायचा. बाण कुठे लागला यावर तो इतका वाद घालायचा, की हरीण मरून थंड होई. आज बोलायला कोणी नव्हतं. नॉर्बर्ट बसला, उठला, परत बसला. रान गप्प होतं आणि ते गप्पपण त्याला सोसवेना. तो खाली उतरला.

व्हायचं तेच झालं. झाडोऱ्यातून हरीण धडपडत उठलं, ओढा ओलांडून कुंपणावरून पलीकडे गेलं. पलीकडचं रान क्लीटचं. मालकाला विचारल्याशिवाय तिथे पाय टाकता येत नाही.

क्लीटने मोज्यांवरच दार उघडलं. डोक्यावर एक केस उरला नव्हता.

"माझं हरीण तुझ्या रानात आलंय," नॉर्बर्ट म्हणाला.

"किती थांबला होतास?"

"थांबलो की."

"नॉर्बर्ट."

"नाही थांबलो. एकट्याला बसवेना."

क्लीटने पायरीकडे बोट दाखवलं. "मग आता तरी बस."

दोघे पायरीवर बसले.

"तू जातोस अजून?" नॉर्बर्टने विचारलं.

"धनुष्य विकलं. तीन मोसम तुझ्या फोनची वाट पाहिली, मग विकलं."

"मला वाटलं, तू तिच्या बाजूने असशील."

"घटस्फोट तुमचा झाला होता. मला कोणी विचारलं होतं?" क्लीट ओढ्याकडे बघत म्हणाला. "आणि आज तरी कुठे माझ्यासाठी आलास? हरीण पळालं म्हणून आलास."

नॉर्बर्टला स्वतःची लाज वाटली.

दुपार कलल्यावर क्लीटने बूट चढवले. "हरीण सापडलं की मी घरी जाणार," तो म्हणाला. "मला गुंतवू नकोस."

मागावर दोघं असले की एक रीत असते. एकाने रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं, म्हणजे जागा हरवत नाही. दुसऱ्याने पुढचा थेंब शोधायचा. क्लीट आपणहून थेंबापाशी जाऊन उभा राहिला. नॉर्बर्ट पुढे गेला. त्याने हाक मारली की क्लीट पुढच्या थेंबाशी येई, पुन्हा खाली बघत उभा राही. असे ते ओकच्या झाडांपर्यंत आले.

पडलेल्या खोडाच्या आड हरीण आडवं होतं. नॉर्बर्टने बाणाच्या टोकाने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही.

त्याने वळून पाहिलं. ओकच्या पानांत क्लीट मान खाली घालून उभा होता, थेंब राखत, हाकेची वाट बघत.

हरीण सापडलं अशी हाक नॉर्बर्टने मारली नाही. खोडाला टेकून तो उभाच राहिला.