नकाशातली रिकामी जागा

मित्रांनो, मी तेरा वर्षांचा आहे. तुम्ही म्हणाल, तेरा म्हणजे अजून शाळेत जायचं वय! पण मी संगणकावर आणि फोनवर उघडणारा नकाशा आहे, आणि आमच्या कुळात तेरा वर्षांचा म्हणजे पणजोबाच. माझ्याबरोबर जन्मलेले कितीतरी नकाशे आता उघडतसुद्धा नाहीत.

माझं काम एकच. डोंगरात कुठे, कधी आणि केवढी दरड कोसळली, ते दाखवायचं. मला उघडलंत की आधी हिरवे-तपकिरी डोंगर दिसतात, मग त्यांना वळसे घालत जाणारे रस्ते, आणि रस्त्यांच्या कडेने सांडल्यासारखे ठिपके. पिवळा ठिपका म्हणजे थोडी माती घसरली. नारिंगी म्हणजे रस्ता बंद पडला. लाल म्हणजे माणूस गेला. ठिपक्यावर बोट ठेवलंत की चौकट उघडते आणि तारीख, वेळ, कारण, नुकसान असं सगळं सांगते. खाली वर्षांची एक पट्टी आहे. ती मागे सरकवली की ठिपके एकेक करून विझतात, पुढे आणली की पुन्हा उमटतात. मुलांना हा खेळ फार आवडतो. मोठी माणसं मात्र पट्टी सरकवता सरकवता गप्प होतात.

मला घडवलं एका ताईने. ती डोंगर, खडक आणि माती यांचा अभ्यास करणाऱ्या कार्यालयात होती. तिच्या जोडीला एक तरुण होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. संगणकाचं काम त्याचं आणि डोंगराचं काम ताईचं. वर्तमानपत्रांची कात्रणं, रस्ते खात्याच्या वह्या आणि आकाशातून काढलेली छायाचित्रं यांतून त्यांनी दोनशे चौदा ठिपके गोळा केले. दोघं खूश होते. मीही खूश होतो.

एका सकाळी ताईने मला घरी जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि आपल्या बाबांना दाखवलं. बाबा म्हणजे रस्ता खात्यातले निवृत्त मुकादम. बत्तीस वर्षं त्यांनी आपली टोळी घेऊन डोंगरातल्या रस्त्यावरची माती उपसली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, "अगं, हा ठिपका नदीत पडलाय."

"कुठे? छे, असं कसं होईल!" ताई वाकून बघायला लागली.

"होईल कसं म्हणजे? झालंय. नदीत दरड कोसळली असती तर मासे उपसायला गेलो असतो आम्ही."

खरंच, आकडे लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली होती आणि माझा एक ठिपका भर पाण्यात जाऊन बसला होता. ताईची हसून पुरेवाट झाली. मग बाबा आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यात खिशात मावतील अशा एकोणीस डायऱ्या होत्या. प्रत्येक पान सारखंच. 'वळण सत्तावीस. सकाळी सात. दोन ट्रक माती. एक झाड आडवं. कोणी नाही.' त्या 'कोणी नाही'चा अर्थ, कुणाला लागलं नाही, असा होता. ते दोन शब्द बाबा नेहमी जरा ठळक लिहीत.

पुढची दोन वर्षं रोज नाश्ता झाला की बापलेक माझ्यासमोर बसत. बाबा वाचत, ताई ठिपका टाकत असे. कधी कधी वाद पेटायचा. ताई म्हणायची, छायाचित्रात इथे काही दिसत नाही. बाबा म्हणायचे, तुझ्या छायाचित्राला वास येतो का? दरड यायच्या आधी ओल्या मातीचा वास येतो, तो मला आलेला आहे. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवताना तरी तो डोंगर खाली ठेवा रे! भाकरी ठेवायला टेबलावर जागा नाही."

एका डायरीत अकरा दिवसांची पानं कोरी होती. ताईने विचारलं, "बाबा, इथे काय झालं?"

"तापाने पडलो होतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

माझे ठिपके सहाशे बारा झाले. मला सगळ्यांसाठी खुलं केलं त्या दिवशी कार्यालयात पेढ्यांचा बॉक्स फिरला. बससेवेची माणसं रोज सकाळी गाड्या सोडण्याआधी मला उघडत. घर बांधणारे, रस्ते आखणारे, कॉलेजातली मुलं, सगळे यायचे. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, कार्यालयाला मानचिन्ह मिळालं. ताईने माझ्या कोपऱ्यात अभिमानाने लिहिलं होतं, 'या डोंगराळ भागातील दरडींची संपूर्ण नोंद'.

मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. चष्मेवाल्याला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. नवे साहेब आले. त्यांना नवी योजना हवी होती. ताईची बदली पाणी तपासायच्या विभागात झाली. माझ्याकडे बघायला कुणी उरलं नाही. कुठे किती पाऊस पडतोय ते दाखवणारा माझा पावसाचा थर बिघडला आणि माझ्यात सलग तीन वर्षं एकच पाऊस पडत राहिला. बाहेर कडक ऊन असलं तरी माझ्या डोंगरांवर तीच निळी रेघोटी! बससेवेची माणसं वैतागून यायची बंद झाली. ताई तेवढी रविवारी सकाळी घरी मला उघडायची, एखादं तुटलेलं बटण दुरुस्त करायची आणि लोकांनी पाठवलेले निरोप वाचायची. बहुतेक रविवारी निरोपच नसायचे.

अशाच एका रविवारी एक निरोप आला. ताई चहा घेता घेता आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवायला लागली.

'नमस्कार. मी बालवाडी चालवते. आमचे वर्ग सध्या गॅरेजच्या माडीवर भरतात आणि धुराने मुलं खोकतात. तीन वर्षं खेटे घातल्यावर आम्हाला जुन्या रस्त्याच्या मोठ्या वळणाजवळची सपाट जागा मिळाली आहे. वर डोंगर आहे म्हणून पालक घाबरत होते. मी त्यांना तुमचा नकाशा उघडून दाखवला. आजूबाजूला ठिपकेच ठिपके, पण आमच्या जागेवर एकही नाही! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. येत्या आठवड्यात पाया खणायला घेतो. तुमचे फार फार आभार.'

"बघा," ताई आनंदाने म्हणाली, "अजून कुणाला तरी उपयोग होतोय याचा!"

बाबांनी कप खाली ठेवला. मग उचलला, मोरीपाशी गेले आणि अर्धा चहा ओतून दिला. बराच वेळ ते तो एकच कप विसळत उभे राहिले. नळ बंद करून परत आले तेव्हा त्यांचे हात ओलेच होते.

"पोरी," ते म्हणाले, "तिथे ठिपका पाहिजे. मी तुला दिला नाही."

ताईला आधी कळलंच नाही. मग बाबांनी सांगितलं. मी टेबलावर उघडा होतो, मी सगळं ऐकलं.

चौतीस वर्षांपूर्वी त्या मोठ्या वळणावर टोळी माती उपसत होती. असं काम चालू असताना एक माणूस समोरच्या कडेला उभा राहून फक्त वर बघतो. वरून खडा जरी घरंगळला तरी तो शिट्टी मारतो आणि सगळे पळतात. त्यांच्या टोळीत हे काम करणाऱ्याला सगळे शिट्टीच म्हणत. तो बाबांचा जिवलग दोस्त होता. बाबांच्या लग्नात घोड्यापुढे तो इतका नाचला होता की घोडाच बुजला. दोन दिवसांच्या पावसानंतर त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. काम मागे पडलं होतं. बाबा त्याला म्हणाले, "आज ऊन आहे, वर काय बघत बसलायस? ये, फावडं घे." तो हसत खाली आला. अर्ध्या तासाने डोंगर आला. बाकीचे पळाले. तो सगळ्यांत आतल्या बाजूला होता.

नंतर रस्ताच नदीपलीकडून नेला. खात्याच्या कागदावर 'जुना रस्ता कायमचा बंद' एवढंच लागलं. कोसळलेल्या मातीवर गवत वाढलं, झाडं वाढली, आणि लोकांना ती छान सपाट जागा वाटायला लागली.

"तो ताप नव्हता," आई हळूच म्हणाली. "शेजारीपाजारी विचारायचे, म्हणून मीच ताप सांगितला होता."

ताई बाबांना एक शब्दही लागेल असं बोलली नाही. ती माझ्या कोपऱ्यातल्या त्या 'संपूर्ण' शब्दाकडे बघत होती. "हे मी लिहिलंय, बाबा," ती म्हणाली. "अकरा कोरी पानं बघूनसुद्धा लिहिलंय." मग ती उठली. "चला. गाडी काढते."

"फोनवर सांग की."

"फोनवर त्या म्हणतील, नकाशात तर नाही. चला, तुम्ही काठी घ्या."

दोन तासांनी ते तिथे पोचले. मी ताईच्या फोनवर उघडाच होतो. बालवाडीच्या बाई तिथेच होत्या, चुन्याने खोल्या आखत होत्या. कुठे मुलांच्या चपला राहतील, कुठे वाळूचा हौद होईल, हे त्यांनी उत्साहाने दाखवायला घेतलं. ताईने त्यांना थांबवून सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"मी पालकांना एकेकाच्या घरी जाऊन तुमचा नकाशा दाखवलाय! आता त्यांना कोणतं तोंड दाखवू? आणि मुलांना कुठे नेऊ, पुन्हा त्या धुरात?"

बाबा म्हणाले, "बाई, मला शिव्या द्या, माझी ना नाही. पण आधी माझ्याबरोबर जरा वर या."

म्हातारा पुढे आणि बाई मागे, असे ते चढ चढले. बाबांनी झाडं दाखवली. त्यांचे बुंधे मुळाशी वाकून मग वर सरळ गेले होते. जमीन हळूहळू सरकत असली की झाडं अशी वाढतात. पन्नासेक पावलांवर गवतात बोटभर रुंद भेग होती. बाबांनी बाईंच्या हातात काठी दिली. बाईंनी ती भेगेत सोडली. काठी हातभर आत गेली, तरी तिला तळ लागला नाही.

बाईंनी खाली चुन्याच्या रेघांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "खणणाऱ्यांना मी फोन करते."

खाली आल्यावर ताईने फोन बाबांच्या हातात दिला. "तुम्ही टाका."

बाबांचा अंगठा जाड, फावड्याने घट्टे पडलेला. पहिला ठिपका भलतीकडेच उमटला. दुसरा बरोबर जागी पडला. चौकट उघडली. तारीख आणि वेळ बाबांना पाठ होती. नुकसानीत ताईने लिहिलं, 'मृत: एक'. नावासाठी माझ्या चौकटीत जागाच नव्हती. ताईने ते शेरा लिहायच्या जागी लिहिलं. बाबांनी शिट्टीचं पूर्ण नाव एका दमात सांगितलं.

"कारण?" ताईने विचारलं.

"लिही, मुकादमाने वर बघणाऱ्याला खाली बोलावलं."

ताईचं बोट थांबलं. "आधीचा पाऊस आणि पायथा खणलेला, हे कारण आहे, बाबा. डोंगर तुमच्या सांगण्यावरून नाही पडला."

"ते मला कळतं गं. पण तो खाली होता, ते माझ्या सांगण्यावरून."

ताईने दोन्ही लिहिलं. आधी पाऊस आणि खणलेला पायथा. त्याखाली, 'त्या वेळी वर लक्ष ठेवायला कोणी नव्हतं'. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. माझा सहाशे तेरावा ठिपका लाल झाला.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, मग ती दरड पुन्हा कोसळली का? नाही. आज चार वर्षं झाली, डोंगर आहे तिथेच आहे. काही पालक अजून म्हणतात, त्या म्हाताऱ्याने उगाच बागुलबुवा उभा केला. कुणी बाबांना तसं सांगितलं की ते म्हणतात, "न पडो बिचारा. मी काय त्याच्या पडण्याची वाट बघतोय?" बालवाडीला वर्षभर धूर सोसावा लागला. मग वाचनालयामागच्या दोन खोल्या मिळाल्या. खोल्या लहान आहेत आणि वाळूचा हौद अंगणात कसाबसा बसवलाय.

माझंही थोडं बरं झालं. हे सगळं कळल्यावर चष्मेवाला सुट्टी काढून आला आणि त्याने पावसाचा थर दुरुस्त केला. ताईने 'संपूर्ण' हा शब्द पुसला. जिथली माहिती नाही तो भाग आता राखाडी दिसतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'इथलं आम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.' सगळ्यांत आधी सांगितलं ते बालवाडीच्या बाईंनी. मुलांच्या आजीआजोबांना एका दुपारी त्यांनी वर्गातल्या छोट्या खुर्च्यांवर बसवलं आणि त्यांच्याकडून चौदा दरडी लिहून घेतल्या. एका आजींनी तर आपल्या माहेरच्या गोठ्यामागची दरड सांगितली. तेव्हा मेलेल्या गाईचं नावही त्यांच्या लक्षात होतं. तेही चौकटीत आहे.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. मला अधूनमधून उघडत जा. कुणी तरी बघतंय म्हटलं की माझी देखभाल करणारी माणसंही टिकतात. आणि तुमच्या घराजवळ ठिपका नसला, तर लगेच खूश होऊ नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, इथे पूर्वी काय झालं होतं? ते सांगतील. सांगून झालं की लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसून राहा. त्यांची एखादी गोष्ट सांगायची राहिलेली असते.