झांझेबाईचा निरोप

दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचं इटलीचं तिसरं वर्ष. नौदलाच्या गौरवपटासाठी दिग्दर्शक ग्वाल्तिएरोने किओज्जा बंदराच्या धक्क्यावर खरी बोट, खरे खलाशी आणि एक खरी आई टिपली होती. नटनट्या नकोत, हा त्याचा हट्ट. पण धक्क्यावरचा कॅमेरा मुका. आवाज मागाहून रोमच्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरचे ओठ बघून भरायचा, ही सगळ्या इटलीची रीत. म्हणून ती आई, झांझे पेंझो ही कोळीण, दोन गाड्या बदलून रोमला आली होती.

पडद्यावर ती लेकाला, मेनेगोला, विचारत होती, “लोकरीची बंडी घातलीस ना रे?” ग्वाल्तिएरोचा जीव त्या वाक्यात अडकला होता. प्रचार मंत्रालयाच्या फ्रेझ्झासाहेबांना मात्र तिथे ‘जा बाळा, जिंकूनच ये!’ हवं होतं. चार वाजेपर्यंत बाईचा आवाज मिळाला नाही, तर रोमची नटी तेच भरणार होती.

“म्हणा मावशी. फक्त बंडीचं.”

पडद्यावर मेनेगो हसला. झांझेने जपमाळ आवळली, पण तोंड उघडलं नाही. एकदा, दोनदा, अकरा वेळा.

“अहो, बोला ना! तुमचेच तर शब्द आहेत!” ग्वाल्तिएरो खेकसला.

“ओरडू नका. दर्यावर निघालेल्याला आमच्यात निरोप एकदाच देतात. पुन्हा दिला की तो परतत नाही. चार महिने पत्र नाही त्याचं, आणि तुम्ही मला अकरा वेळा निरोप द्यायला लावताय?”

“हा नुसता पडदा आहे हो, मावशी!”

“देवमाता बघतेय. तिला नका सांगू पडदा आहे म्हणून.”

आईच्या भक्तीपुढे भल्याभल्यांची मती गुंग होते, हा तर साधा दिग्दर्शक. तो तणतणत संकलनाच्या टेबलाकडे गेला. झांझेचा चेहरा राहिला, तर नटी त्या ओठांत विजय कोंबणार. त्याने कात्री उचलली आणि सगळ्या चित्रपटातला सर्वांत सुंदर तुकडा स्वतःच्या हाताने कापला. त्या जागी टाकून दिलेली फीत जोडली. बोट गेल्यावर माशांची टोपली काखेत घेऊन झांझे घरी निघालीय. दिसते फक्त पाठ.

फ्रेझ्झासाहेबांनी ते बघितलं. “यात कुणी बोलतच नाही की!”

“नाही बोलत.”

“हरकत नाही. निवेदक आहे आपला. या पाठीवर तीन वाक्यं मस्त बसतील.”

ग्वाल्तिएरोने कात्री भिंतीवर भिरकावली. चेहरा गेला तो गेलाच, वर विजयही आला.

बाहेर बाकावर झांझे थांबली होती. “काढलंत का माझं तोंड?”

“काढलं.”

“मेनेगोचं?”

“तेही.”

तिने जपमाळेचं चुंबन घेतलं आणि त्याच्या रागावलेल्या गालावरून खरबरीत हात फिरवला. आत निवेदक घसा खाकरत होता.