शोभेचा बुद्ध

हॉलची ती एक भिंत संध्यानं तीनदा रंगवून घेतली. पहिला रंग पप्पू पेंटरच्या मते एकदम रॉयल होता आणि संध्याच्या मते दवाखान्याचा. दुसरा वाळल्यावर डागाळला. तिसऱ्या वेळी पप्पूनं हात टेकले, "ताई, आता ब्रश तुम्हीच धरा," म्हणाला. पण गेरूच्या जवळपासचा मऊ रंग एकदाचा जमला आणि तिचा जीव भांड्यात पडला. नवरा राजानंद शाळेतून यायचा, भिंतीकडं बघायचा, "छान" म्हणायचा आणि चहा मागायचा. लेक हॉस्टेलला, म्हणजे विचारायला घरात हाच एकटा, आणि तिन्ही रंगांना तो छानच म्हणाला होता. असल्या माणसाला विचारून घर सजवायचं म्हणजे कप्पाळ!

त्या भिंतीवर एकच वस्तू लावायची हे संध्याचं आधीपासून ठरलेलं. बुद्धाचं मुख. मोठ्या कळशीएवढं, सोनेरी, डोळे मिटलेले, आणि मागून पिवळा उजेड. संध्याकाळी बाकीचे दिवे घालवून तेवढाच लावला की सगळा हॉल शांत वाटायचा. ती येता-जाता त्याच्यासमोर हळूच मान झुकवायची. हात मात्र जोडायची नाही. खिडकी उघडी असायची ना!

आता हे सांगायला पाहिजे की संध्या बौद्ध. माहेर तीर्थपुरीचं, सासर कुंभार पिंपळगावचं, दोन्हीकडं आज्या-पणज्यापासून धम्म. मग बौद्धाच्या घरी बुद्ध, त्यात नवल ते काय? नवल असं, की हा बुद्ध त्यांच्या घरचा नव्हता, कॉलनीचा होता. अंबडच्या त्या नव्या कॉलनीत जिकडं जावं तिकडं असा एक बुद्ध असायचाच. कुणाच्या टीव्हीशेजारी, कुणाच्या कारंज्यात, कुणाच्या चपलांच्या रॅकवर. देव देवघरात आणि बुद्ध शोकेसमध्ये. त्याला कुणी हात जोडत नव्हतं आणि त्याची जातही विचारत नव्हतं. जात कळते ती फोटोवरनं. बुद्ध आणि बाबासाहेब, एका चौकटीत शेजारी शेजारी. तो फोटो हॉलमध्ये दिसला की पुढं आडनाव विचारायची गरज पडत नाही.

संध्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. घर बांधायच्या आधी ते भाड्यानं राहायचे तेव्हाची गोष्ट. घरमालकीण एकदा विरजण मागायला आत आली, भिंतीवरचा फोटो बघितला, विरजण न घेताच गेली. आठवडा झाला नसंल तर तिचा पुतण्या राहायला येणार म्हणून खोल्या रिकाम्या करायचं निघालं. पुतण्या कसला न् काय कसला! पुढं दोन वर्षं त्या खोल्यांना कुलूप होतं, हे संध्यानं जाता-येता स्वतःच्या डोळ्यानं बघितलं.

म्हणून नव्या घरात तिनं ठरवलं, श्रद्धा मनात असावी, भिंतीवर कशाला? आडनाव पिंपळगावकर. त्यावरनं कुणाला काही कळत नव्हतं. समोरच्या तृप्तीनं तर, "म्हणजे तुम्ही कुलकर्ण्यांपैकी का?" असं विचारलं होतं आणि संध्या नुसती हसली होती. नुसतं हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली. तृप्ती जिवाला जीव देणारी होती. संध्याला ताप आला तेव्हा रोज डबा तिचाच. येत्या रविवारी कॉलनीतल्या बायकांची भिशी पहिल्यांदा संध्याच्या घरी होती, आणि त्यासाठीच तर हा सगळा थाट चालला होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई आल्या.

चांगुणाबाई काही पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या. सासरे गेल्यापासून त्या गावी एकट्या होत्या, आता गुडघे बोलायला लागले, तर राजानंद त्यांना कायमच्याच घेऊन आला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. बसमध्येसुद्धा ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं म्हणे. संध्यानं बघितलं आणि लगेच ओळखलं. फोटोच होता तो.

चांगुणाबाई हॉलमध्ये उभ्या राहिल्या. सोनेरी मुखाकडं बघतच राहिल्या.

"हे काय गं?"

"बुद्ध आहेत, आई. ऑनलाइन मागवलेत. छान दिसतेत ना?"

"दिसतेत की. पण धड कुठंय?"

"धड नसतंय, आई. असंच येतंय. नुसतं मुख."

"नुसतं मुंडकं? अगं माय! कुणी तोडलं?"

राजानंद हसला. संध्याही हसली, पण तिला ते आत कुठंतरी लागलं. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोधडी सोडली, फोटो पदरानं पुसला आणि भिंतीवर जागा शोधायला लागल्या.

"आई, तुमच्या खोलीत मी केलीय जागा," संध्या घाईनं म्हणाली. "कोनाडा केलाय, लाईट हाय, मेणबत्ती लावायला काचेचं ताट ठेवलंय. बघा तर खरं."

कोनाडा खरंच सुंदर होता. चांगुणाबाईंनी त्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "लई चांगला केलास. पण गावाकडं एक खोली होती आपली, तरी फोटो दारासमोरच होता. येणाऱ्यानं आधी त्याला जय भीम घालायचा, मंग मला. हितं एवढं मोठं घर बांधून त्याला माघं का ढकलून राह्यलीस?"

राजानंद तेवढ्यात वह्या तपासायच्या म्हणून सटकला. असल्या वेळी पुरुषांना वह्या बराबर आठवतात.

संध्यानं दार लोटून घेतलं. "आई, हितं कुणाला माहीत न्हाई."

"काय माहीत न्हाई?"

"आपण कोण ते."

चांगुणाबाई पलंगावर बसल्या. गुडघा चोळायला लागल्या. रागावतील, ओरडतील, असं संध्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, तीही चार शब्द बोलली असती, पुतण्याची गोष्ट परत सांगितली असती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मी बी दार लावूनच बसत जाऊ का?"

"तसं न्हाई हो, आई."

"न्हाई न्हाई, तुझं बी खरं हाय. तुला हितं जल्म काढायचाय. मी काय, पिकलं पान." त्यांनी फोटो कोनाड्यात ठेवला नाही. परत गोधडीत गुंडाळला. "सोमवारी मला गाडीत बसवून दे. तुझी भिशी होऊ दे तोवर. गावचं घर काय पडलं न्हाई अजून."

राजानंदनं आईला समजावलं, आईनं ऐकलं नाही. मग त्यानं बायकोकडं बघितलं, आणि बायकोनं भिंतीकडं बघितलं. फोटो हॉलमध्ये लावला तर कॉलनी जाणार, न लावला तर सासूबाई. रात्रभर संध्या कूस बदलत राहिली आणि सकाळी उठून तिनं पडद्यांना इस्त्री केली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना.

शनिवारी दुपारी तृप्ती आली. भिशीच्या आधी सजावट बघायची तिला घाई झाली होती. राजानंद शाळेत होता. चांगुणाबाई हॉलच्या कोपऱ्यात खाली फरशीवर बसून मेथी निवडत होत्या. अंगावर घरचं विटलेलं लुगडं, कपाळ मोकळं, पायाला भेगा.

"अगं बाई बाई बाई! काय मस्त दिसतंय हो, संध्याताई!" तृप्ती दारातूनच ओरडली. "हा बुद्ध तर काय, नंबर एक! आमच्याकडं पण आहे ना. ह्यांनी बेसिनच्या वर बसवलाय, बाथरूममध्ये. हात धुताना बघितलं की कसं शांत शांत वाटतं."

संध्यानं चहाचा कप टीपॉयवर जरा जोरातच ठेवला.

"पण एक सांगू?" तृप्ती सोफ्यावर ऐसपैस बसली. "बुद्ध असा नुसता ठेवावा. किती क्लासी दिसतो! नाहीतर ते लोक फोटो लावतात बघा, जोडीनं, माळ बिळ घालून. घराची सगळी कळाच जाते."

तिच्या बोलण्यात विष नव्हतं, हे आधीच सांगतो. हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलली. पण विषाला निदान वास तरी असतो, माणूस सावध होतो.

चांगुणाबाईंचे मेथीवरचे हात थांबले नाहीत. तृप्तीचं लक्ष तेव्हा कुठं त्यांच्याकडं गेलं. "ह्या कोण?"

संध्यानं तोंड उघडलं. साधा शब्द होता, सासूबाई. चार अक्षरांचा. लुगडं, मोकळं कपाळ, गावची बोली, पुढचे प्रश्न, उद्याची भिशी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून झरकन गेलं आणि तो शब्द काही तोंडून निघाला नाही.

चांगुणाबाईंनी मान वर करून सुनेकडं बघितलं. मग तृप्तीकडं बघून म्हणाल्या, "मी कामाला आलेय, बाई. ह्यांची कुणी न्हाई." आणि बोलता बोलता भेगाळलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"बरं झालं! मला पण बाई पाहिजेच होती," तृप्ती म्हणाली. "मावशी, फरशी नीट पुसता ना? कानेकोपरे? आणि उद्या भिशी आहे इथं, कप धुवायला थांबा हं."

"थांबते की."

ते 'थांबते की' संध्याला सहन झालं नाही. बाळंतपणात सव्वा महिना जिनं हिला पाण्यात हात घालू दिला नाही, ती बाई हिच्याच घरात हिच्याच मैत्रिणीचे कप धुवायला थांबणार होती. आणि ही सोफ्यावर बसून ऐकत होती. लाज वाटली तिला, अशी की अंगावरचं कातडं ओरबाडून काढावं. कॉलनीची नव्हे, स्वतःची लाज.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," संध्या म्हणाली.

"आँ?"

"राजानंदच्या आई. कामाला न्हाई आल्या, त्यांचंच घर हाय हे. आणि तृप्तीताई, ते लोक म्हणालात ना आत्ता, जोडीनं फोटो लावणारे? ते आम्ही. आम्ही बौद्ध आहोत."

तृप्तीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "अहो, मला काय माहीत... मी असलं काही मानत नाही, खरंच. ह्यांचे तर कितीतरी मित्र आहेत तुमच्यातले. मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"तुम्हाला नव्हतं. मला म्हणायचं होतं. इथं आल्यापासून राहूनच गेल्तं."

तृप्तीनं चहाचा कप उचलला, ठेवला, परत उचलला. प्यायली नाही. उठताना ती चांगुणाबाईंपाशी जरा घुटमळली. "उद्याचं कळवते," एवढं म्हणून गेली. उद्याचं म्हणजे काय कळवणार, हे सासू-सुना दोघींनाही कळलं नाही.

संध्या आत गेली. गोधडी सोडली, फोटो आणला, स्टुलावर चढली आणि गेरूच्या रंगाच्या त्या भिंतीत खिळा ठोकला. पप्पूनं बघितलं असतं तर रडला असता. सिमेंटचा टवका उडाला, फोटो थोडा वाकडा लागला. मग ती ते सोनेरी मुख काढायला लागली.

"त्याला कशाला उतरवतीस?" चांगुणाबाई खालून म्हणाल्या. "त्यानं काय केलं?"

संध्या स्टुलावरून उतरली आणि त्यांच्यासमोर फरशीवरच बसली. डोळे वाहत होते ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "आई, तुम्ही असं कसं म्हणालात? कामवाली म्हणून?"

"त्यात काय? राजा शिकत होता तवा जालन्याला चार घरची धुणीभांडी केलीच की मी. त्याच्यात खोटं न्हाई आणि लाज बी न्हाई." चांगुणाबाईंनी मेथीची एक काडी उगाच हातात फिरवली. "खोटं बोलले ते पुढचं. ह्यांची कुणी न्हाई म्हणाले ते. जड गेलं बाई म्हणायला."

"मंग का म्हणालात?"

"तू म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकावं म्हणलं. तुझ्या तोंडून ऐकायला लागलं असतं तर मला सोसलं नसतं."

संध्याच्या ओठांवर आलं, न्हाई हो आई, मी तसं कधीच म्हणाले नसते. पण समोर वाकडा का होईना, फोटो होता. खोटं बोलणार नाही, असं ती लहानपणापासून पंचशीलात म्हणत आली होती आणि आजवर ते नुसतंच म्हणत होती.

"म्हणाले असते, आई," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी मेथीची अर्धी जुडी सुनेच्या पुढ्यात सरकवली.

"पानं खुड," म्हणाल्या. "उद्या कुणी येवो न येवो, आपल्याला तर जेवायचंच हाय."