लंकाबाईचा फेटा

खर्ड्यात हनुमंताइतका नावाजलेला दारुडा दुसरा नव्हता, आणि त्या बिचाऱ्याच्या पोटात कधी थेंब गेला नव्हता. बाटली त्याच्या बायकोची, लंकाबाईची. ऊसतोडीला गेल्यावर कंबरदुखीवर म्हणून लागलेली, घरी आल्यावरही सुटेना. बाईमाणूस दारूच्या दुकानात दिसलं तर गाव जगू देणार नाही. म्हणून पिशवी घेऊन नवरा जायचा आणि आळ आपल्या माथी घ्यायचा. लोक वर लंकाबाईचीच कीव करायचे!

सोडायचं ठरलं तेव्हाही तीच तऱ्हा. नगरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तिनं गुपचूप घेतल्या. जामखेडच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत मात्र दर रविवारी पुढच्या खुर्चीवर हनुमंत बसे, आणि ती मागं, पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांच्या सतरंजीवर, जिवाचा कान करून ऐके.

आज दारू सुटल्याला वर्ष झालं. बैठक चालवणारे गोरक्षनाथभाऊ हनुमंताच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधू लागले. टाळ्या पडल्या. सोडताना हात थरथरले ते लंकाबाईचे, बांधावर बसून रडली ती, आणि या भल्या माणसानं आता खोटं भाषण ठोकायचं? बोलावं तर अब्रू जाणार, न बोलावं तर हे वर्ष आपलं नव्हतंच.

"भाऊ, थांबा," ती उठलीच. "ह्यांनी कधी वासबी घेतला न्हाई. पीत हुते मी. सोडलीबी मीच."

भाऊंच्या हातात अर्धा फेटा लोंबत राहिला. आधी हसला तो हनुमंत, अगदी खदाखदा. "सुटलो बाबा! दोन दिस झालं, भाषन पाठच हुईना."

मग सगळेच हसले आणि फेटा लंकाबाईच्या डोक्यावर चढला, पदरासकट. लग्नातसुद्धा ती एवढी खूश नव्हती.

हनुमंत हसत बायकांच्या सतरंजीवर जाऊन बसला. बायांनी त्याची थट्टा करत जागा दिली. तिथं घरच्या माणसांची नावं वहीत लिहून घेणाऱ्या पंकजाताई दर वेळी ज्याला-त्याला एकच प्रश्न विचारायच्या, तोच त्यांनी त्यालाही विचारला. "दादा, झोप लागते का?"

हनुमंताचं हसू थांबलं. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"न्हाई ओ ताई," तो हळूच म्हणाला. "लई वर्सं झाली."

लंकाबाई फेट्यानिशी तरातरा आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"ताई, ह्यांचं नाव लिवा," ती म्हणाली. "आता दर रईवारी ह्यांना मी आनीन."