सगळ्यांचं झालं का?

रावेरातल्या फेगड्यांच्या घरी जेवायला बसणं म्हणजे एक कवायतच होती. निवृत्त कॅप्टन अभिमन फेगडे, म्हणजे साऱ्या आळीचे नाना, ताटासमोर मांडी घालून बसत, हात गुडघ्यांवर ठेवत आणि विचारत, "सगळ्यांचं झालं का?" घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून 'झालं' ऐकल्याशिवाय भाकरी मोडायची नाही, हा त्यांचा नेम. पायदळाच्या पलटणीत ते क्वार्टरमास्टर होते. डोंगरावर लढणाऱ्या जवानांना शिधा, रॉकेल आणि गोळ्या पोचवायचं त्यांचं काम. वरच्या शेवटच्या माणसाच्या पोटात अन्न गेल्याखेरीज खाली आपण घास घ्यायचा नाही, असं ते दर सव्वीस जानेवारीला शाळेत जाऊन सांगत, आणि ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत.

आता नांदत्या घरात सगळ्यांचं एका वेळी कुठून होणार? मुलगा हितेंद्र दिवसभर केळीच्या ट्रकांमागे, सून दिपमाला शेगडीपुढे, आणि सहा वर्षांची नात मोहिनी खेळात दंग. म्हातारा माणूस आपला ताटावर ताटकळत बसायचा. शेवटी दिपमालानंच एक सोपी वाट काढली. नानांनी विचारलं की 'झालं' म्हणून टाकायचं, मग मी तुला सावकाश भरवते, असं तिनं पोरीला शिकवून ठेवलं. यात वाईट ते काय होतं? म्हाताऱ्याचा नेम राहिला, पोरीचं पोट भरलं, कुणाचं काही गेलं नाही.

पण यंदा ऊन तापायला लागलं आणि मोहिनी 'झालं' म्हटल्यावर खरंच जेवेनाशी झाली. दिपमाला घास घेऊन मागे धावायची आणि पोरगी तोंड फिरवून म्हणायची, पोट भरलंय. नुसती म्हणायची नाही, चांगली ढेकर द्यायची. पहिल्यांदा सगळे हसले. मग फ्रॉक खांद्यांवरून घसरायला लागला, तेव्हा हसणं थांबलं. जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बघत विचारलं, आत्ताच जेवून आली का ही, पोट तर गच्च दिसतंय. पोरीनं कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. परत येताना डांबर चपलांना चिकटत होतं, एवढं ऊन, आणि मोहिनी आईच्या पदरात शिरून गोधडी मागत होती. तिच्या बोटांची टोकं काळी पडू लागली होती.

नानांनी ती बोटं हातात घेऊन पाहिली. अशी बोटं त्यांनी पूर्वी पाहिली होती, बर्फातून खाली आणलेल्या जवानांची. हातपाय धुतले, ताटावर बसले आणि नेहमीचं विचारलं. खाटेवरून मोहिनी म्हणाली,

"आमनं व्हई गयं, साहेब. तुम्ही जेवी ल्या."

दिपमाला चमकली. त्यांच्या घरात अशी बोली कुणी बोलत नसे. ही तिकडची, धुळ्याच्या पल्याडची अहिराणी. शाळेतल्या कुणाचं ऐकून उचललं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. नानांनी मात्र भरलेलं ताट तसंच पुढे सरकवलं.

त्याच बोलीचा, साक्रीकडचा होता पलटणीतला नाईक झुलाल. नव्व्याण्णव सालच्या लढाईत सगळ्यात वरच्या चौकीवर तो आणि त्याची माणसं होती. हवा बिघडली, खेचरं कड्यापर्यंत जाईनात, हमाल पाठवावेत तर वाटेवर तोफा धडाडत होत्या. नानांनी शिधा खालच्या चौकीवरच उतरवायला लावला. रोज संध्याकाळी वायरलेसवर प्रत्येक चौकीला जेवण झालं का म्हणून विचारायची पद्धत होती. सगळीकडून 'झालं' आलं की कर्नलसाहेब जेवायला बसत, आणि त्यांच्या मागोमाग नाना. पहिल्या दिवशी झुलालनं खरं ते सांगितलं. खाली जेवण गार झालं, कर्नल ताटकळले आणि चारचौघांत नानांचा पाणउतारा झाला. दुसऱ्या दिवशी नानांनी झुलालला वायरलेसवर आधीच गाठलं, आणि आपल्याच मुलखातल्या माणसाशी बोलावं तसं गोडीनं समजावलं, "विचारलं की झालं म्हण रे भाऊ. शिधा उद्या येतोच आहे."

झुलाल हुकमाचा पक्का. तो रोज 'व्हई गयं' म्हणाला, आवाज बारीक होत गेला तरी म्हणाला, आणि नाना रोज पोटभर जेवले. हवा निवळल्यावर जी माणसं वर गेली, त्यांनी खाली येऊन सांगितलं की वरचं कुणी जिवंत नाही, आणि कित्येक दिवस कुणीही बोलायच्या अवस्थेत नसणार. उत्तर तर आदल्या संध्याकाळपर्यंत येत होतं. हे शाळेतल्या भाषणात कधी आलं नाही.

ताट सरकवलं त्या दिवशी नाना उपाशी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनीनं उठून दूध मागितलं. दुपारी वरणभात खाल्ला. संध्याकाळपर्यंत तिची बोटं गुलाबी झाली. मी जेवलो की ती जेवत नाही, असं नानांनी सुनेला सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तिला वाटलंही असेल. पण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं नानांचे पाय धरले. "नाना, थोडे दिवस तेवढं सोसा," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. नानांना स्वतःचाच अभिमान वाटला. पोरीसाठी जीव गेला तरी बेहत्तर, म्हणाले, आणि ते त्या घडीला अगदी खरं होतं.

पण भूक ही भूक असते. त्यानंतरच्या दुपारी दिपमालानं अंगणात काड्या पेटवून वांगी भाजली, ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. भरिताचा वास घरभर पसरला आणि नानांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दिपमालानं मोहिनीपुढे ताट वाढलं, भाकरीवर तेल सोडलं आणि ती पाणी आणायला आत गेली. मोहिनी मांडी घालून बसली. तिनं घास केला, तोंडाजवळ नेला आणि आजोबांकडे बघून थांबली.

"नाना, आज तुम्ही विचारलं नाही."

नाना गप्प राहिले असते तर घास तोंडात गेला असता. हे त्यांना कळत होतं. कळत नव्हतं असं मुळीच नाही. आत माठावर पळी वाजली. नानांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि हळूच विचारलं,

"सगळ्यांचं झालं का?"

घास पुन्हा ताटात आला.

"व्हई गयं, साहेब," मोहिनी म्हणाली, आणि तिनं आपलं ताट दोन्ही हातांनी त्यांच्याकडे सरकवलं.

दिपमाला तांब्या घेऊन उंबऱ्यात आली तेव्हा मोहिनी गोधडी मागत होती, आणि नाना खाली मान घालून ताट निपटून खात होते. भरीत फार चवदार झालं होतं.